शंभर इंच पाऊस, शंभर इंची पडदा: प्रोजेक्टरच्या पडद्याला दरवर्षी येणाऱ्या लहरींचं काय करायचं

आधी लक्षणं बघा. यातलं तुमच्याकडे काय दिसतंय?

पडद्यावर लहरी आल्यात. सबटायटलची ओळ मधेच वाकते, फुटबॉलच्या मैदानाची पांढरी रेघ नागमोडी होते. कधी वळ्या कोपऱ्यांतून मध्याकडे तिरप्या येतात, कधी आडव्या पट्ट्या पडतात, तर कधी नुसत्या उभ्या कडा पुढे कलतात.

पडदा गुंडाळताना एका बाजूला सरकतो. कड केसिंगला, म्हणजे पडदा ज्यात गुंडाळला जातो त्या लांब पेटीला, घासते आणि काळ्या किनारीवर पांढरट ओरखडा उठतो.

पावसाळ्यानंतर पडदा उघडला की काळपट किंवा पिवळट ठिपके दिसतात, कुबट वास येतो.

मोटरचा पडदा अर्ध्यावर थांबतो, किंवा रिमोट दाबून काहीच होत नाही.

आणि पाचवं लक्षण: केसिंग आणि भिंत यांच्यामध्ये वरच्या बाजूला फट पडलीय, खाली फरशीवर तांबडी भुकटी सांडलीय. हे दिसत असेल तर बाकीचं नंतर वाचा. पडद्याला हात लावू नका, त्याच्याखालच्या खुर्च्या हलवा, पोरांना तिथे बसू देऊ नका आणि सरळ भिंतीच्या भागाकडे या.

मी गोव्यात फोंड्याला असतो. चौदा वर्षं घरोघरी पडदे बसवतोय. तक्रारीचे फोन सगळ्यात जास्त येतात ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या पंधरवड्यात. पाहुणे येणार म्हणून हॉल झाडून काढतात आणि कोणीतरी दोन महिने गुंडाळून ठेवलेला पडदा खाली ओढतो. इकडे पेपरात पावसाने शंभर इंचांचा टप्पा गाठल्याची बातमी, तिकडे माझ्या फोनवर शंभर इंची पडद्याचा फोटो, आणि खाली ठरलेलं वाक्य: "पडदा खराब निघाला, बदलून दे." पडदा बदलून मिळतोही. पुढच्या पावसात तोच फोटो परत येतो. कारण दोष बहुतेक वेळा कापडात नसतोच. तो भिंतीत असतो, टांगणीत असतो आणि आमच्या हवेत असतो. म्हणून कापडाकडे सगळ्यात शेवटी यायचं.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

पहिला प्रश्न: वाकडं काय आहे, पडदा की चित्र? प्रोजेक्टर बंद करा, खोली अंधारी करा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या उभ्या कडेशी भिंतीला टेकवून पडद्यावर आडवा मारा. वळी असेल तर तिची सावली पडेल. सावली नाही आणि तरी चित्र वाकडं दिसतं, तर पडदा निर्दोष आहे. मग प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन कीस्टोन, म्हणजे तिरकं चित्र चौकोनी करायची सोय, शून्यावर आणा. हल्लीचे छोटे प्रोजेक्टर चालू होताना आपणहून कीस्टोन लावतात, तेही बंद करा. साखळी गावच्या एका मास्तरांनी पडदा बदलण्याचे पैसे काढून ठेवले होते. त्यांच्याकडे प्रोजेक्टरची फळीच एका बाजूला अर्धा इंच खचलेली निघाली. चहा पिऊन परत आलो.

भिंतीलगत ठेवायचा प्रोजेक्टर असेल, म्हणजे अगदी जवळून वर फेकणारा, तर गोष्ट वेगळी. रात्री गाडीच्या उजेडात रस्त्यावरचा बारीक खडाही लांब सावली टाकतो, दुपारी तोच रस्ता सपाट दिसतो. तसंच हे. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरवर जी वळी कधी डोळ्यांत भरली नाही, तीच या तिरप्या उजेडात अख्खं चित्र ओढून नेते. असा प्रोजेक्टर आणि साधा ओढायचा पडदा ही जोडी जमत नाही. मी ती बसवून देत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी.

दुसरं, पंखा आणि एसी. दोन्ही बंद करून वीस मिनिटं थांबा. हसू नका. एसीचा झोत पडद्यावर येत असेल तर पडदा सतत हलत असतो, आणि हलताना दिसणाऱ्या लहरी मोबाइलच्या फोटोत कायमच्या वाटतात. झोत थांबल्यावर लहर गेली तर एसीची पाती वळवा, काम संपलं.

तिसरं, पडदा खाली सोडून ठेवा. दोन-तीन दिवस, रात्रंदिवस. हे कापड म्हणजे बहुधा पीव्हीसी, मागे फायबरग्लासचं अस्तर असलेलं किंवा नसलेलं. गुंडाळीत राहिलं की ते गुंडाळीचा आकार धरतं. दुकानातून आलेला पडदा महिनोन्‌महिने नळीवर बसलेला असतो. सोडून ठेवला की स्वतःच्या आणि खालच्या पट्टीच्या वजनाने आडव्या पट्ट्या हळूहळू उतरतात. तिरप्या वळ्या मात्र अशा जात नाहीत. त्या राहिल्या तर कारण वर आहे, टांगणीत. फक्त एक बघा, संध्याकाळचं पश्चिमेचं ऊन थेट पडद्यावर येत नाही ना. तापलं की पीव्हीसी मऊ पडतं आणि ताणतं.

खालच्या पट्टीला वजन बांधू नका. डिचोलीत एका घरी पट्टीच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या बाटल्या लोंबत होत्या. वहिनी म्हणाल्या, "चार दिवसांत सरळ होईल असं कोणीतरी सांगितलं." टोकं ताणली गेली, मधला भाग ढिला राहिला. ते कापड गेलं.

इस्त्री, हेअर ड्रायर यांचं नावही काढू नका. हे मी दुसऱ्याला शहाणपण शिकवायला म्हणत नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या पडद्यावर ड्रायर मीच फिरवला होता. वळी गेली आणि तिच्या जागी तळहाताएवढा चकचकीत डाग आला. पांढरा मॅट पडदा उजेड सगळीकडे सारखा विखुरतो म्हणूनच तो पडदा असतो. जिथे पृष्ठभाग वितळून गुळगुळीत होतो, तिथे प्रत्येक सिनेमात चंद्र उगवतो. नवा पडदा माझ्या खिशातून गेला.

लेव्हल, आणि मधला स्क्रू

आता स्टूल लागेल आणि गवंड्याची लेव्हल लागेल. शंभर इंच हा कर्ण, म्हणजे १६:९ च्या पडद्याची रुंदी सुमारे २२१ सेंटिमीटर आणि उंची सुमारे १२५. एवढ्या रुंदीवर मोबाइलमधली लेव्हल भरवशाची नाही, कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोनच तिरका बसतो. निदान दोन फुटी लेव्हल घ्या, किंवा गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी. नळीतलं पाणी खोटं बोलत नाही.

लेव्हल केसिंगच्या वर ठेवा: डावीकडे, मध्ये, उजवीकडे. तिन्ही ठिकाणी. कापड नेहमी ओळंब्यात लोंबतं, त्याला भिंतीशी देणंघेणं नाही. वरची नळी तिरकी असेल तर कापडाची एक कड जास्त भार घेते, दुसरी ढिली पडते. मग तिरपी वळी येते आणि गुंडाळताना कापड चालत चालत एका टोकाला जातं. पहिलं आणि दुसरं लक्षण वेगळं वाटतं, पण बहुतेकदा आजार एकच असतो.

टोकं लेव्हलमध्ये आहेत आणि तरी वळी आहे, तर केसिंग वाकलंय का बघा. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त सापडते. आपल्याकडच्या चिऱ्याच्या, म्हणजे तांबड्या जांभा दगडाच्या भिंती, त्यावर हाताने केलेला गिलावा. डोळ्यांना सपाट दिसते, पण लांब पट्टी लावली की मध्ये पाच-सहा मिलिमीटर पोकळी निघते. ज्या केसिंगला मधेही कान असतो, त्याचा मधला स्क्रू बसवणारा मुलगा जोर लावून आवळतो. पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं केसिंग त्या पोकळीत ओढलं जातं, आतली नळी धनुष्यासारखी होते, कापड मध्ये वेगळं आणि कडांना वेगळं सुटतं.

पडदा पूर्ण खाली ओढा, एकाला समोर उभं करा, आणि मधला स्क्रू पाव फेरा सैल करा. मग अजून पाव. समोरचा माणूस "गेली, गेली" म्हणेल त्या जागी थांबा. हे बघायला मला अजून मजा येते. दीड फेऱ्यात सहा महिन्यांची वळी मावळते आणि घरचे माझ्याकडे असे बघतात की मी काहीतरी मंत्र टाकला. मग त्या फटीत स्टीलचे किंवा नायलॉनचे वायसर भरा आणि स्क्रू हलकेच बसवा. पुठ्ठ्याची घडी घालू नका. मे महिन्यात ती चपखल बसते, जुलैत ओल पिऊन लगदा होते, आणि केसिंग परत तिरकं.

किनाऱ्यालगत राहत असाल, कळंगुट, मिरामार, कोलवा असं कुठेही, तर हे करतानाच जुने स्क्रू काढून टाका. साधा जस्ताचा मुलामा खाऱ्या हवेत टिकत नाही. स्टेनलेस घ्या, समुद्र दिसत असेल तर ३१६ प्रतीचे. महाग पडतात, पण लागतात सहा-आठच.

कडा पुढे कलल्यात आणि लेव्हल, केसिंग, सगळं ठीक आहे? मग ते म्हातारपण आहे. कापडाचे पुढचे-मागचे थर वर्षांनुवर्षं सारखे आकसत नाहीत. यावर घरगुती इलाज नाही. दोन्ही बाजूंना दोरी असलेला ताणाचा पडदा येतो, त्यात हा दोष दाबून ठेवलेला असतो. जुन्या पडद्याला ती दोरी नंतर लावता येत नाही, कोणी लावून देतो म्हणाला तर हात जोडा.

ठिपके आणि वास

चार-पाचशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणा आणि पडद्याच्या मागे ठेवा. पावसाळ्यात बंद खोलीत आकडा ८० च्या वर सहज जातो. ७० च्या वर सतत राहिला की बुरशीला आमंत्रण. तुमच्या कपाटातले चामड्याचे बूट पांढरे होत असतील तर गुंडाळलेल्या पडद्याच्या आतही तेच चाललेलं आहे, फक्त दिसत नाही.

ताजे ठिपके निघतात. मऊ मायक्रोफायबरचं फडकं, कोमट पाणी, त्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन थेंब. आधी खालच्या कोपऱ्यात करून बघा. टिपायचं, घासायचं नाही. मग नुसत्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. पूर्ण सुकेपर्यंत पडदा वर न्यायचा नाही. संध्याकाळी पुसून रात्री गुंडाळला तर बुरशी पेरल्यासारखंच आहे. थिनर, स्पिरिट, काचा पुसायचा फवारा, ब्लीच यातलं काहीही नको, वरचा थर जातो. राखाडी किंवा चमकदार लेप असलेल्या, उजेडातही चालणाऱ्या पडद्याला तर बनवणाऱ्याने सांगितल्याशिवाय पाणीही लावू नका. केसिंगमध्ये डांबराच्या गोळ्या ठेवणारे भेटतात. त्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून नको.

ठिपका पुसूनही तिथेच राहिला तर तो अस्तरात उतरलाय. दोन वेळा प्रयत्न करा, मग सोडा. चालू चित्रात बहुतेक ठिपके दिसत नाहीत. दिसतात ते फक्त क्रिकेटच्या पांढऱ्या कपड्यांवर.

परत येऊ नयेत म्हणून दोन गोष्टी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पडदा चार तास खाली सोडून एसी ड्राय मोडवर चालवा. एसी नसेल तर ओल शोषणारं यंत्र. ते ५५-६० वर लावलं की पुरे. आणि पडदा बाहेरच्या भिंतीवर असेल तर कापड आणि भिंत यांत एक-दीड इंच हवा खेळू द्या. पश्चिमेकडून पाऊस झोडपणारी भिंत आतून घाम धरते, कापड तिला चिकटलं की मागून ओल पिते. भिंतीवरच पोपडे सुटलेले असतील तर पडद्याचा विषय बंद करा, आधी वॉटरप्रूफिंगवाला बोलवा.

मोटर

रिमोटची बॅटरी. खरंच, आधी तीच. बऱ्याच रिमोटमध्ये १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, बोटाच्या पेराएवढी. आमच्या हवेत तिच्या टोकांना हिरवट गंज चढतो. काढा, खोडरबराने पत्रा घासा, नवी घाला.

सारखा वर-खाली करून दाखवताना पडदा मधेच थांबला तर मोटर बिघडलेली नाही. या नळीतल्या मोटरी साधारण ४ मिनिटं सलग चालण्यासाठी केलेल्या असतात. तापल्या की आतलं थर्मल स्विच तोडतं. अर्धा तास हात बांधून बसा. चवथीला घरात सात पोरं आणि एक रिमोट असला की हा फोन हमखास येतो.

अर्धा तास थांबून, बॅटरी बदलून, दुसऱ्या सॉकेटवर लावूनही हलत नाही? इथे थांबा. केसिंग उघडू नका. आत २३० व्होल्ट आहेत, आणि वर-खालीच्या दोन तारा एकाच वेळी जिवंत केल्या तर मोटर जळते. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवत चला, म्हणजे ही वेळ कमी येईल.

भिंत

फट आणि तांबडी भुकटी दिसलेल्यांनी इथे यायचं.

चिरा हा दगड म्हणावा तर दगड, नाहीतर भोकांची जाळी. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, पण आतली भोकं तशीच राहतात. काँक्रीटसाठीचा ६ मिलिमीटरचा छोटा प्लग, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, त्यात ठोकला की आज धरतो. महिन्याभरात भोवतीचा भुगा सुटतो आणि प्लग स्क्रूबरोबर गोल फिरतो.

२०१८ चा फुटबॉल वर्ल्ड कप जून-जुलैत होता. गोव्यात तेव्हा काय चालतं ते सांगायला नको. एका आठवड्यात मी सात पडदे लावले, भर पावसात. त्यातला एक पेडण्याकडच्या घरात, मे अखेरीस गिलावा केलेल्या भिंतीवर. गिलावा ओला होता, मला कळत होतं, तरी लावला. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "बाब, पडदा दोन बोटं खाली आलाय, मॅच चालू आहे, काय करू?" मी म्हटलं, मॅच भिंतीवर बघा, पडदा उतरवून ठेवा. स्क्रू बाहेर काढले तर प्लगभोवती चिरा नव्हताच, नुसता ओला गिलावा होता. माझा प्लग गिलाव्याच्या पलीकडे पोचलाच नव्हता.

तेव्हापासून मी आधी एक बारीक भोक पाडून गिलावा किती जाड आहे ते मोजतो. पांढरट किंवा राखाडी भुगा येतो तोवर गिलावा, तांबडा सुरू झाला की चिरा. जुन्या घरांत गिलावा दीड इंचही निघतो. प्लग १० मिलिमीटरचा आणि लांब, ८०-१०० मिलिमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त चिऱ्यात. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नुसतं फिरवायचं. हॅमरने भोकाचं गाडगं होतं. भोक चिऱ्याच्या मध्यावर, सांध्यात नाही. तरी प्लग फिरलाच तर काड्या-कागद कोंबत बसू नका. जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे आत जाऊन घट्ट होणारा लगदा, भरा आणि पुडीवर लिहिलेला वेळ पाळा. मोटरवाला शंभर इंची पडदा दहा-पंधरा किलोंचा असतो, तो घाई सहन करत नाही.

माती-चुन्याच्या जुन्या कौलारू घरात भिंतीला भोकं पाडूच नका. मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, सागवानी रीप करून घ्या, ती पाच-सहा ठिकाणी धरवा आणि पडदा रिपेला लावा. भार वाटला जातो, आणि लेव्हलही एकदाच जुळवायची.

फॉल्स सिलिंगमधून टांगला असेल तर वरचं झाकण काढून बघा की रॉड स्लॅबपर्यंत गेलाय का. जिप्समच्या साडेबारा मिलिमीटरच्या पाटीवर टांगलेला पडदा मी तीन ठिकाणी पाहिलाय. तिन्ही ठिकाणी लोक पडद्याच्या लहरींची तक्रार करत होते. पाटी लोंबत होती, लहर तिचीच होती.

इथे थांबा

भुकटी आणि फट असेल आणि तुमच्याकडे दोन माणसं, दोन घोड्या नसतील, तर पडदा स्वतः उतरवू नका. ज्या भिंतीत लपवलेली वायर किंवा पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे माहीत नाही तिथे ड्रिल लावू नका. ओढायच्या पडद्याच्या टोकाची टोपी कधीच उघडू नका. आत पिळलेली स्प्रिंग आहे, ती सुटली तर बोट जातं. पडदा हातातून सुटून सटकन वर गेला आणि आता मध्ये अडकत नाही, तर आतलं दातेरी चाक तुटलंय, तेही कारागिराचंच काम. कापड नळीपासून सुटलं असेल तर दुरुस्तीचा खर्च आणि नव्या पडद्याची किंमत शेजारी ठेवून बघा.

आणि ही सगळी फेरी दोन पावसाळे करून झाली असेल, खोली सिनेमासाठीच राखून ठेवलेली असेल, तर ओढायचा पडदा सोडा आणि चौकटीचा घ्या. त्याला गुंडाळी नाही, त्यामुळे निम्मी दुखणी नाहीत. बसवताना कापड एका बाजूने सलग ओढत जायचं नाही. तबल्याची वादी ओढतात तसं: वर मध्ये एक, मग समोर खाली एक, मग डावीकडे, मग उजवीकडे, कोपरे शेवटी. हुक स्टेनलेसचे मागून घ्या, पेटीत येतात ते दुसऱ्या पावसात तांबडे होतात. काळ्या मखमली किनारीवर बुरशी बसेल, तो ब्रशने झाडायचा विषय आहे.

कारागिराला फोन करण्याआधी तीन फोटो काढून ठेवा: एक समोरून, एक टॉर्च आडवा मारून, आणि एक केसिंगच्या टोकाचा, बाजूने, ज्यात भिंत आणि स्क्रू दोन्ही दिसतात. तिसरा फोटो कोणी पाठवत नाही. मी गाडीत काय भरून निघायचं ते त्याच्यावरच ठरतं.